कंदील कुणी विझवला

१९ जानेवारी, रविवार

मनिषाने आज मला फसवलं. मनिषा म्हणजे आमच्या वाचनालयाची नवी ग्रंथपाल, दिघाशी गावची पोरगी. बोलते इतकी गोड की समोरचा 'हो' म्हणून मोकळा होतो आणि मग घरी येऊन विचार करतो.

"मजीदकाका, मराठी भाषा दिनाला परिसंवाद ठेवलाय. 'खडकावरची वस्ती' कादंबरीवर. एका बाजूने तुळशीराम गुरुजी, दुसऱ्या बाजूने तुम्ही."

मी म्हटलं, "अगं, मी लूमवाला माणूस. मला कापडाचा ताना विचार, बाना विचार. परिसंवाद काय विचारतेस?"

"म्हणूनच. विषय आहे कादंबरीतली रूपकं आणि प्रतीकं, आणि माणूस मुळात कसा असतो. गुरुजी पुस्तकातलं सांगतील, तुम्ही माणसांतलं सांगा."

असं म्हटल्यावर कोण नाही म्हणेल? रोज थोडं लिहीत जा, म्हणजे ऐन वेळी सुचेल, असंही तिनेच सांगितलं. म्हणून ही डायरी. मुलगा खालिदने लूम हातात घेतल्यापासून सकाळ खायला उठते. बायको, साजिदा, म्हणाली, "लिवा लिवा. तेवढा येळ किचनमधे येऊन डबे तरी उघडणार न्हाय."

२३ जानेवारी, गुरुवार

कादंबरी वाचून झाली. शाळेत असताना आम्हाला तिचा एक धडा होता. तुळशीराम आणि मी एकाच बाकावर बसायचो. तो पुढे त्याच शाळेत मास्तर झाला, मी वडिलांच्या लूमवर गेलो. तेव्हापासून आजपर्यंत तो संध्याकाळी शेजारच्या टेमघरहून चालत येतो, आमच्या ओट्यावर बसतो, चहा पितो आणि मला सुधारतो.

गोष्ट अशी. जत्रेहून परतणारी होडी खाडीच्या तोंडाशी फुटते. डझनभर माणसं एका खडकावर अडकतात. सोबत एक बकरी आणि एक कंदील. होडी चालवणारा म्हातारा शिवा तांडेल पाळ्या लावून देतो. रात्रभर कुणीतरी कंदील उंच धरायचा, म्हणजे जाणारं गलबत बघेल. दामू वाण्याने गुळाची ढेप लपवून ठेवलेली असते. बाराव्या प्रकरणात, नेमकं गलबत जवळून जातं त्या रात्री, दामूच्या पाळीत कंदील विझतो. त्यानंतर माणसं एकमेकांच्या जिवावर उठतात. शेवटी सुटका होते, पण कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नाही.

कंदील कसा विझला ते लेखकाने सांगितलेलंच नाही. फक्त लिहिलंय, "मग अंधार झाला."

मला गोष्ट आवडली. बकरीचं वाईट वाटलं.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदनाहून तुळशीराम थेट आमच्याकडे आला. पांढरी टोपी, काखेत पुस्तक. पुस्तकात इतक्या चिठ्ठ्या खोचलेल्या की ते फुगून दुप्पट झालेलं.

त्याने मला प्रतीक म्हणजे काय ते शिकवलं. खडक म्हणजे जग. बकरी म्हणजे निष्पाप जीव. गूळ म्हणजे लोभ. कंदील म्हणजे विवेक. मी विचारलं, "मग रॉकेल म्हणजे काय?" तो रागावला.

तेवढ्यात सूनबाई अफीफा आतून सांदणं घेऊन आली. तो तीन खाऊन गेला. चौथं रुमालात बांधून घेतलं, आक्कासाठी. आक्का म्हणजे त्याची बायको. सगळं टेमघर तिला आक्काच म्हणतं.

३१ जानेवारी, शुक्रवार

आज झालं ते लिहावंसं वाटत नाही, पण लिहितो.

मी म्हटलं की कंदील वाऱ्याने विझला असणार. खाडीवर वारा असतोच. दामू चोर असेल, पण इतका वाईट नसेल. जमेल तोवर माणूस चांगलाच वागतो. लूमवर मी किती मुलखांतली माणसं बघितली. एकाला ताप आला तर दुसरा स्वतःची शिफ्ट संपवून त्याचीही ओढायचा.

तुळशीराम म्हणाला, "दामूनेच फुंकर मारली. गलबत आलं असतं तर उजेडात गूळ दिसला असता. चोराला सुटकेपेक्षा अब्रू मोठी. हाच कादंबरीचा गाभा."

"लेखकाने लिहिलंय का तसं?"

"न लिहिलेलं वाचता आलं पाहिजे."

"मग मी पण न लिहिलेला वारा वाचला."

इथे तो भडकला. भडकला की त्याची शाळा सुटते आणि टेमघर बाहेर येतं. "अरं तुला काय समजतं रं? जलमभर खटाक खटाक आयकलंस. कान गेलं, तसं डोकं पन गेलं तुझं."

मीही बोललो. म्हटलं, "आणि तू? जन्मभर गाइडातली उत्तरं फळ्यावर उतरवलीस. स्वतःचं एक वाक्य आहे का तुझ्या डोक्यात?"

तो उठला. चहा अर्धा तसाच. छत्री विसरला. जानेवारीत छत्री का आणतो ते अल्लालाच ठाऊक, त्याची सवय आहे. ओट्याच्या पायरीवर थांबला, वाटलं काही बोलेल, पण चप्पल नीट करून निघून गेला.

मला काही वाटलं नाही. जेवण मात्र गेलं नाही. कालवणात मीठ जास्त होतं. साजिदा म्हणते बरोबर होतं.

३ फेब्रुवारी, सोमवार

तुळशीराम आला नाही. बरंच झालं. शांतता आहे. मी ओट्यावर बसून भाषणाची तयारी केली. ये-जा करणाऱ्यांकडे बघावं लागतं, कारण विषयच माणसांचा आहे. टेमघरच्या दिशेने येणारी माणसं जास्त दिसली, कारण खुर्ची त्या बाजूला तोंड करून होती.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज प्रयोग केला. माणूस मुळात कसा आहे हे पुस्तकात कशाला शोधायचं? वऱ्हाळा तलावाच्या काठी बाकावर डझनभर केळ्यांची पिशवी ठेवली आणि लांब जाऊन पेपर वाचतोय असं दाखवत बसलो.

पहिली बाई आली, बघून गेली. दोन कॉलेजची पोरं आली, त्यांनी पिशवीचा फोटो काढला. का ते कळलं नाही. मग एक धिप्पाड माणूस आला, राहनाळच्या गोदामाचा शर्ट घातलेला. त्याने इकडेतिकडे बघितलं आणि पिशवी उचलली. म्हटलं, जिंकला तुळशीराम.

पण त्याने पिशवी नेली ती समोरच्या झाडाला उंच टांगली. आणि चहावाल्याला ओरडून म्हणाला, "भाई, किसी का सामान रह गया है, देखना. बकरी खा जाएगी."

मी इतका खूश झालो की उठून त्याला मिठीच मारणार होतो. पण तो गेला. मी पिशवी काढून पुन्हा बाकावर ठेवली, चहा सांगितला, वळतो तर खरोखरच बकरी. सहा केळी सालीसकट गेली.

निष्कर्ष: माणूस चांगला. बकरी निष्पाप नाही. हे तुळशीरामला सांगायला हवं, असं वाटलं आणि मग आठवलं.

१० फेब्रुवारी, सोमवार

दुपारी फोन वाजला. स्क्रीनवर तुळशीरामचं नाव. मी खालिदने आणलेला कापडाचा नमुना बघत होतो, हात मोकळे नव्हते. वाजून वाजून बंद झाला. महत्त्वाचं असेल तर परत करेल.

केला नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

साजिदा आक्काकडे जाऊन आली. बायकांचं बरं असतं, त्यांना कादंबरी वगैरे काही नसते. येताना आक्काने तांदळाचे घावणे दिले. साजिदा म्हणाली, "गुरुजी इचारत होते तुमाला. तब्येत कशी हाय म्हणून."

"खरंच विचारलं?"

"मग काय खोटं बोलतंय मी?"

मी म्हटलं, सांग बरी आहे म्हणून. ती म्हणाली, ते मी आधीच सांगितलं, आणि तुमी पण त्यांची चवकशी केली असं सांगितलं. मी कधी केली? पण आता बोलून टाकलंय तर राहू दे.

मग तिने खरी बातमी सांगितली. आक्काच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, अठरा तारखेला, कल्याणला. मोतीबिंदू पिकलाय. आक्काचा डावा डोळा लहानपणीच गेलेला, काटा लागून. हा एकच आहे. डॉक्टर म्हणाले काळजीचं काही नाही, पण उशीर केलात.

मी विचारलं, कसे जाणार? साजिदा म्हणाली, रिक्षाने. गुरुजींनी तुमाला फोन केलता म्हणे.



१४ फेब्रुवारी, शुक्रवार

नमाजहून येताना वाचनालयात गेलो. मनिषाने परिसंवादाचा फलक रंगवायला घेतलाय. कंदिलाचं चित्र, एका बाजूला त्याचं नाव, एका बाजूला माझं. मी विचारलं, "गुरुजी येऊन गेले का?" ती म्हणाली, "येतात की रोज. तुमची चौकशी करत नाहीत, पण तुम्ही कोणतं पुस्तक नेलं ते बघून जातात."

हेरगिरी! मी पण विचारलं, त्याने कोणतं नेलं. समुद्रावरच्या वाऱ्यांची माहिती देणारं काहीतरी नेलंय. माझा मुद्दा खोडायची तयारी दिसते.

१६ फेब्रुवारी, रविवार

साजिदा म्हणाली, रिक्षाऐवजी खालिद गाडी घेऊन आक्काला नेणार होता, पण त्याला मंगळवारी ड्युटी लागली, कामगार कमी आहेत. आता काय करायचं?

मी म्हटलं, "काय करायचं म्हणजे? मी नेतो. आक्काला नेतोय, त्याला नाही."

ती म्हणाली, "बघा बाबा तुमीच," आणि लगेच आत जाऊन फोन लावला. मी अजून विचारच करत होतो.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी गाडी घेऊन टेमघरला गेलो. तुळशीराम आक्काचा हात धरून बाहेर आला. इस्त्रीचा शर्ट, पण बटणं वरखाली लागलेली. त्याने माझ्याकडे न बघता पुढचं दार उघडलं, मग बंद केलं आणि मागे आक्काशेजारी बसला. साजिदा पुढे आली.

मी म्हटलं, "आक्का, मागे बसणाऱ्याला सांग, दार नीट लागलं नाही."

आक्का म्हणाली, "अवो, दार लावा."

तो म्हणाला, "आक्का, गाडी चालवणाऱ्याला सांग, दार त्याच्या गाडीचंच ढिलं हाय."

"तो सांगतोय—"

"ऐकलं मी. कान गेले म्हणतात माझे, पण ऐकलं."

साजिदा खिडकीबाहेर बघून हसत होती. तिला कशाचं हसू येत होतं कोण जाणे. कोनगावच्या पुलापर्यंत आक्काच इकडचं तिकडे करत राहिली. मग म्हणाली, "मेल्यांनो, डोळा माझा काढायचाय, जीभ तुमची न्हाय." त्यावर आम्ही दोघे एकदमच म्हणालो, "डोळा काढत नाहीत, आक्का!" आणि परत गप्प झालो.

दवाखान्यात आक्काला आत नेलं. साजिदा नर्सशी बोलायला तिच्यामागे गेली. बाकावर आम्ही दोघे. एका टोकाला तो, एका टोकाला मी. मध्ये तिघे बसतील एवढी जागा.

समोरच्या दाराकडे तो एकटक बघत होता. ज्या हाताने त्याने फळ्यावर वळणदार अक्षरं काढली, त्या हाताने तो शर्टाची बटणं सोडून पुन्हा वरखालीच लावत होता. मला गाइडचं बोललेलं आठवलं आणि इतकी लाज वाटली की मी उठून पाणी प्यायलो, गरज नसताना.

आल्यावर थर्मासमधला चहा ओतून कप मधल्या जागेत ठेवला. तो हलला नाही. थोड्या वेळाने त्याने कप उचलला. घोट घेतला. म्हणाला, "साखर कमी हाय." मला की भिंतीला, ते कळलं नाही. मी साखरेची पुडी सरकवली.

डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, छान झालं, उद्या पट्टी काढू. तुळशीराम उभा राहिला, परत बसला, आणि टोपी तोंडावर धरून बसून राहिला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याने झटकला नाही.

घरी आलो तर खालिद सोफ्यावर झोपलेला. शिफ्ट लवकर सुटली वाटतं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

आक्काला दिसतंय. साजिदा तिच्यासोबत गेली होती, तिने सांगितलं. पट्टी काढल्यावर आक्काने तुळशीरामकडे निरखून बघितलं आणि म्हणाली, "अगो बाय, तुमी एवढं म्हातारं झालासा?"

मी हसलो. मग ओट्यावर जाऊन जरा वेळ बसलो. डोळ्यांत काहीतरी गेलं होतं. आमच्या गल्लीत धूळ फार.

२३ फेब्रुवारी, रविवार

चार दिवस भाषण लिहितोय आणि फाडतोय. वाऱ्याच्या बाजूने सगळं लिहून झालं होतं. केळीवाला माणूससुद्धा घातला होता. पण एक गोष्ट मध्ये मध्ये येते.

त्या दिवशी फोन वाजला तेव्हा माझे हात मोकळे होते. नमुना टेबलावर होता. मी फोनकडे बघत बसलो आणि वाजू दिला. मला आत कुठेतरी बरं वाटत होतं, की वाजू दे त्याचा, कळू दे. आणि तो आक्काच्या डोळ्यासाठी फोन करत होता.

वारा कुठे होता तिथे?

दामूने फुंकर मारली. तुळशीरामचं बरोबर आहे. मी काही गूळ लपवला नव्हता, नुसता राग लपवला होता, तरी मला ते जमलं. मग त्याला का जमणार नाही? मी गुरुवारी सगळ्यांसमोर सांगणार आहे की गुरुजींचं खरं. माफी वगैरे मला मागता येत नाही, पण हे येईल. साजिदाला सांगितलं नाही. तिच्या पोटात काही राहत नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आजचं नीट लिहितो.

वाचनालयाचा हॉल भरला होता. गुरुजींचे जुने विद्यार्थी, आमच्या लूमवरची माणसं, कॉलेजची पोरं. पहिल्या रांगेत साजिदा आणि आक्का. आक्काला काळा चष्मा, एकदम रुबाबदार. मनिषाने प्रास्ताविक केलं आणि तुळशीरामला बोलावलं. मी मनात वाक्यं घोकत होतो.

तो उभा राहिला. चिठ्ठ्या खोचलेलं पुस्तक टेबलावर ठेवलं, पण उघडलं नाही.

"मी पस्तीस वर्षं मुलांना शिकवलं की कंदील दामूने विझवला," तो म्हणाला. "ते चूक होतं. मी खाडीवरच्या वाऱ्यांचा अभ्यास केला. माघात तिथे रात्री अचानक वारा फिरतो. पण ते सोडा. गेल्या महिन्यात मी एका माणसाला बोलू नये ते बोललो. त्याला माझं तोंड बघायचं कारण नव्हतं. त्या माणसाने माझ्या बायकोला गाडीत घालून दवाखान्यात नेलं, आणि माझ्यासाठी चहा आणला. रागातसुद्धा माणूस असा वागत असेल, तर दामूवर आळ घेणारा मी कोण? तो वाराच होता."

टाळ्या पडल्या. आक्का चष्म्याखालून डोळा पुसायला गेली तर साजिदाने तिचा हात धरला, डॉक्टरांनी मना केलंय म्हणून.

आणि मी? माझ्या खिशात दामूविरुद्धचं भाषण. मनिषा म्हणाली, "आता दुसरी बाजू, मजीदकाका."

मी उभा राहिलो. म्हटलं, "मास्तर चुकतोय."

तुळशीरामचा चेहरा पडला.

"म्हणजे आधी बरोबर होता, आता चुकतोय. दामूनेच विझवला. याच माणसाने मला फोन केला होता, अडचणीत होता म्हणून. मी जवळ बसून होतो आणि उचलला नाही. कुठला वारा आला नव्हता. मीच होतो. म्हणून मला माहीत आहे, फुंकर कशी मारतात ते."

एवढं बोलून मला बसायचं होतं. पण तुळशीराम उठला. "तू बाथरूममधे असशील!"

"नव्हतो."

"अरं, चार्जिंग नसेल फोनला!"

"होतं! मी सांगतोय ना, मी मुद्दाम नाही उचलला!"

"तू तसा माणूस न्हायस!"

"तू मला शिकवू नकोस मी कसा आहे ते!"

"मग येवढे दिवस वारा वारा करून माझं डोकं का खाल्लंस?"

"आणि तू दामू दामू करून माझं?"

पुढे काही ऐकूच येईना. अख्खा हॉल हसत होता. आमच्या लूम दुरुस्त करणारा जुना जॉबर यहया मागून ओरडला, "शेठ, साइड बदली कर ली क्या दोनों ने?" मनिषाने आभार मानायला तीनदा माइक घेतला, तिन्ही वेळा आम्ही मध्ये बोललो. शेवटी तिने राष्ट्रगीत सुरू केलं, तेव्हा कुठे दोघे सरळ उभे राहून गप्प झालो. त्याने जवळ सरकून माझ्या कॉलरवरचा दोरा काढला.

बाहेर येताना साजिदा आक्काला म्हणत होती, "बोललं होतं ना मी, दोगांला दवाखान्यात एकटं सोडायचं." आणि आक्का म्हणाली, "घावणं कामी आली." कशाबद्दल बोलत होत्या कळलं नाही. बायकांच्या स्वयंपाकाच्या गोष्टी.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

परवापासून रमजान लागेल, म्हणून साजिदा आणि अफीफा सकाळपासून डबे भरतायत. मला किचनमध्ये मज्जाव.

संध्याकाळी तुळशीराम आला. टेमघरहून चालत, घामाघूम. ओट्यावर बसायच्या आतच सुरू झाला, "मजीद, रात्रभर झोपलो न्हाय. आपण दोघंही चुकलो. त्या कंदिलात तेल तरी शिल्लक होतं का? शिवा तांडेलाने शेवटचं कधी भरलं? नवव्या प्रकरणानंतर तेलाचा उल्लेखच न्हाय!"

मी म्हटलं, "मी तुला पहिल्याच दिवशी विचारलं होतं, रॉकेल म्हणजे काय. तेव्हा तू रागावलास."

"तेव्हा तू चेष्टेने विचारलंस."

"चेष्टेने विचारलं तरी प्रश्न तोच ना?"

"न्हाय. प्रश्न कसा विचारला त्यावर सगळं असतं."

मी आत ओरडून चहा सांगितला. साखर जास्त, हेही सांगितलं. मग पुस्तक मध्ये ठेवून आम्ही पहिल्या पानापासून तेल शोधायला बसलो. अंधार पडेस्तोवर दोनच प्रकरणं झाली, कारण दुसऱ्यात बकरीवरून थांबलो. ती निष्पाप नाही, याचा पुरावा माझ्याकडे आहे. तो मानत नाही.

अजून अठरा प्रकरणं बाकी आहेत. रमजानात इफ्तारनंतर बसायचं ठरलंय.